ओली पायरी

४ मार्च

त्या सकाळी आधी काउंटर पुसला. मग कुकरच्या रबरांची माळ बाहेर खिळ्याला अडकवली, शिट्ट्यांची बरणी पुढे ठेवली, बर्नरचं खोकं वाटेतून सारलं. शेवटी पायरीवर तीन बादल्या पाणी. रोजच्यासारखंच. हे आतून म्हणाले, "अगं, एक दिवस तरी वाळू दे तिला!" मी म्हटलं, "वाळली की बसतात." हसले. मी कपडे धुवायला घरी गेले. साडेदहाला परत आले, तर—

नको. वर्ष झालं, अजून इथवरच लिहिता येतं.

आज आठवायचं कारण मास्तरीणबाई. भरदुपारी, आमच्या दुकानापासून वीस पावलांवर, कोणीतरी मागून येऊन त्यांच्या गळ्यातली साखळी ओढली. बाई तोंडावर पडल्या. चोर बोळात पळाला. मी आत गिऱ्हाइकाला रबर दाखवत होते. किंकाळी ऐकून बाहेर आले, तर रोज येणारे ते तिघे रिकामटेकडे माझ्या पायरीवर बसलेले. बसलेलेच!

५ मार्च

औषधवाले आले. गल्लीच्या समितीचे तेच अध्यक्ष, तेच चिटणीस, चहा सांगणारेही तेच. हातात कागद. दुकानासमोर कोणी रेंगाळलं, काही बरंवाईट झालं, तर जबाबदारी दुकानदाराची. तेरा तारखेपर्यंत सह्या. शिवाय प्रत्येकाने पायरीवर टोकदार सळ्या बसवायच्या, त्यांनी स्वतःच्या पायरीवर बसवल्यात तशा.

"वहिनी, वेल्डिंगवाला माझा ओळखीचा आहे. अर्ध्या दिवसाचं काम."

मी म्हटलं, "वाचून सांगते."

"त्यात वाचायचंय काय?"

मी अक्षरं शिकले ती सुट्या भागांच्या खोक्यांवरून. तेव्हापासून न वाचता काही ठेवत नाही, गाळणीच्या पुडक्यावरचा मजकूरसुद्धा. कागद तीनदा वाचला. दुकान माझं, पायरी माझी — हे कबूल. पायरीवर बसलेला माणूस कुणाचा, ते त्यात कुठे नाही.

७ मार्च

आज तिघांना धरलं. लंबू, टोपीवाला आणि वकील. वकील म्हणजे वाद घालतो म्हणून, एरवी तिघेही बंद पडलेल्या गिरणीतले. चाळिशी उलटली, काम नाही, घरी बसवत नाही. हे गेल्यावर माझ्यात पायरी धुवायचं बळ राहिलं नाही, तेव्हापासून पुन्हा येऊन बसतात.

"साखळी कोणी नेली?"

टोपीवाला म्हणाला, "काकू, आम्ही चोर असतो तर आधी तुमच्या शिट्ट्या नसत्या का चोरल्या?"

"शिट्टी चोरणारा पहिल्या वाफेलाच सापडेल," वकील म्हणाला. हसले मेले! मलाही हसू येत होतं, दाबलं.

"बाई पडल्या तेव्हा तिघांपैकी एकही उठला का नाही?"

मग वकीलच बोलला, पण वाद घालायच्या आवाजात नाही. "धावलो असतो तर आम्हालाच धरलं असतं, काकू. पळणाऱ्यामागे पळणारा लोकांना दुसरा चोरच वाटतो."

लंबू पायरीचा दगड नखाने खरवडत बसला. माझ्याकडे बघतही नाही हल्ली. संशय आला. अजून आहे.

८ मार्च

मास्तरीणबाईंकडे गेले. हनुवटीला पट्टी, हात गळ्यात बांधलेला. माझी सगळी पुस्तकं त्यांच्याच कपाटातली. दर शनिवारी एक परत, एक नवं. आज मी आणलेलं पुस्तक तसंच मांडीवर राहिलं.

"त्यांनी नेली असं मी म्हणत नाही गं. चेहरा पाहिलाच नाही मी. पण तुझ्या दुकानावरून जायचं म्हटलं की घरातच बसावंसं वाटतं. ते बघतात. आपली बोलणी थांबवून बघतात."

खरंच बघतात. वरच्या मजल्यावरची सून रस्ता ओलांडून पलीकडून जाते, हेही मला ठाऊक आहे. आजवर दिसून न दिसल्यासारखं केलं.

निघताना म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी मी यायची नाही. पुस्तक तूच ने." इतकी वर्षं एक शनिवार त्या यायच्या, एक मी.

१० मार्च

तीन बादल्या ओतल्या.

११ मार्च

आजही ओतल्या. तिघे आले, पायरीकडे बघितलं, निघून गेले. औषधवाले लांबूनच ओरडले, "शाब्बास वहिनी! आता सळ्या बसवल्या की कायमचं मिटलं!"

कसलं मिटलं? तिघे आता मुलींच्या शाळेच्या भिंतीला टेकून उभे असतात. माझ्या दारातली काळजी दुसऱ्याच्या दारात ढकलली, एवढंच. आणि माझा रस्ता रिकामा. दुपारी बारा ते दोन चिटपाखरू नाही. काउंटरमागे बसवेना. चार वेळा उठून बाहेर पाहिलं. काय पाहत होते, कोण जाणे.

मास्तरीणबाई अजूनही या रस्त्याने फिरकल्या नाहीत. पायरी ओली असो की कोरडी, भीती तिथेच.

तरी औषधवाल्यांना हो म्हटलंय; वेल्डिंगवाला परवा येणार.

१२ मार्च

वेल्डिंगवाल्याची माणसं पायरीचं माप घेऊन गेली. साडेचार फूट. ह्यांनी बसवलेला दगड. छिन्नीने भोकं पाडतील म्हणे, आठ.

दिवसभर हातातून वस्तू पडतायत. बरणी फुटली. शिट्ट्या कुठे कुठे गेल्या!

१३ मार्च

काल संध्याकाळी लंबू एकटाच आला. शिट्ट्या वेचू लागला. मान खालीच. म्हणाला, "काकू, काका गेले त्या दिवशी दहाच्या सुमाराला आम्ही आलो होतो. पायरी ओली होती. काका काउंटरमागून हात हलवत होते. आम्हाला वाटलं, आज बसू नका म्हणतायत. म्हणून गेलो." वेचलेल्या शिट्ट्या काउंटरवर ठेवून म्हणाला, "वर्षभर सांगेन सांगेन म्हणत होतो."

साडेदहाला मी पोचले होते. डॉक्टर म्हणाले होते, अर्धा तास आधी कोणी पाहिलं असतं, तर.

आज वेल्डिंगवाल्याला दारातूनच परत पाठवलं. कागद सही न करता औषधवाल्यांना दिला. पायरी कोरड्या फडक्याने पुसली, तिच्याशेजारी माझी खुर्ची मांडली, आणि शाळेपाशी जाऊन तिघांना बोलावलं. "बसा. कुणाकडे टक लावून बघायचं नाही. कोणी ओरडलं तर उठायचं, पुढे मी असेन." मग मास्तरीणबाईंना आणायला गेले.