दुपारी एकचा निरोप

सोमवार, लातूर

केळी, दूध, बेल आला. सत्तर रुपये गेले.

नांदेडहून सुनील आला. बातमीदारी सोडून लेक आता पेपरांसाठी आपोआप बातम्या लिहिणारं यंत्र बनवतो. माझा उपवास, म्हणून त्याला एकट्याला वाढलं. तो समोर जेवत असतानाच माझ्या मोबाईलवर त्याचा निरोप आला, "आई, जेवलीस का?"

हसला. "रोज एकला आपोआप जातं गं ते. कामात विसरतो मी."

"हाव का? आन् मी रोज उत्तर लिहून राहिले, ते कोण वाचतंय?"

त्यानं भात संपवून ताट उचललं. चारच्या बसनं गेलासुद्धा.

महादेवा, तो निरोप आल्यावरच मी रोज ताट घ्यायचे. उद्या कोणासाठी थांबू?

सकाळी सुनीलला कार्ड टाकते, त्यात लिहिते: बाळा, ते बंद कर. विसरलास तरी चालेल. आठवण झाली तर दोन ओळी हातानं लिही, टपालानं धाड.