साह्हाच्या पुढचं

आइनसीलेम, गोझो
९ जून १९९६

प्रिय काल्चिदोन,

तुला आणि मुलांना आम्हां दोघांचे आशीर्वाद. मेलबर्नला आता थंडी पडली असेल. इथे अंगणातल्या भिंतीवर यंदा केपरच्या कळ्या भरपूर आल्या. मिठात घालून ठेवल्यात. तुझी बरणी वेगळी काढली आहे.

तुझ्यावर या वहिनीचा राग आहे, आधी तेच सांगते. वडिलांची होडी विस्तिनने तुला न विचारता विकली, हे चुकलंच. पण त्यापायी सख्ख्या भावाशी इतकी वर्षं अबोला? तुम्ही दोघंही एकाच माळेचे मणी.

ईस्टरनंतर त्याने फोन केला होता, आठवतंय ना? तू विचारलंस, "कसा आहेस?" तो म्हणाला, "साह्हा..." आणि त्याला ठसका लागला. तूही "साह्हा" म्हणालास आणि फोन ठेवलास.

अरे, तो तुझा निरोप घेत नव्हता. पुढचा शब्द घशातच अडकला. त्याला म्हणायचं होतं, "साह्हा मान्दीश." तब्येत राहिली नाही रे.

"पुन्हा लाव की," मी त्याला म्हटलं. "त्याने ठेवलाय, तोच लावेल," म्हणे. मग मीच लावायला हवा होता. पण मीही फुगून बसले.

आमची रितिएन आता शाळेत माल्टीज शिकवते. ती म्हणाली, "आई, शब्द मूळचा अरबांचा. अर्थ तब्येतच. जाणाऱ्याला 'तब्येतीने राहा' म्हणता म्हणता आपण त्याचाच निरोप करून टाकला."

"मग निरोपाला दुसरा शब्द शोधायचा होता," म्हणून मी तिच्यावरच डाफरले.

टाळत होते ते आता लिहिते. तो ठसका साधा नव्हता. गेल्या महिन्यात बोटीने पलीकडे माल्टाला नेऊन ऑपरेशन केलं. घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. गाठ पुन्हा येणार नाही, असं डॉक्टर काही म्हणत नाहीत. आता फोन करून उपयोग नाही. तूच ये.

आत्ता तो समोरच बसलाय. "काल्चिदोनला काय लिहू?" विचारलं. त्याने नुसते ओठ हलवले. साह्हा. त्यापुढे आणखी काही होतं की तेवढंच, मला कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. ते तूच येऊन विचार.

पत्राच्या शेवटी तो शब्द मी मुद्दाम लिहीत नाही.

तुझी वहिनी,
विटोरिन