विष्णूच्या मोसंबीची पानं

मंगळवार, १२ मे. संध्याकाळ.

विष्णूच्या मोसंबीची पानं अजून हिरवीगार कशी? बांधाला बांध लागून, जमीन एकच. मंग माझीच बाग का वाळून राह्यली?

पावसाचा आता काही भरवसा न्हाई, उन्हाळा तर दरसाल वाढूनच राह्यला. म्हणून गावानं ग्रामसभेत ठरवलं, तलावाचं पाणी फक्त प्यायला. सगळ्यांनी तलावावरच्या मोटारी काढल्या. विष्णूनं सगळ्यांच्या आधी काढली. तेच तर खटकतं. एवढी जल्दी कशाला?

आज तो घनसावंगीला गेल्ता, तेव्हा त्याच्या बागेत शिरलो. तलावाकडून आलेला पाइप कुठंच दिसला न्हाई. पण झाडांच्या आळ्यात जाड भुसकट पसरलेलं. खाली हात घातला, तर माती ओली! सापडला चोर, म्हटलं.

तेवढ्यात मागून त्याची बायको आली. "भावजी, काय शोधून राह्यले?"

"वहिनी, ही माती ओली कशी?"

"विहिरीत उरलंय तेवढंच पाणी देतो. भुसकटाखाली टिकून राहतं. तुमच्याच सोयाबीनचं आहे की ते! तुम्ही पेटवून द्यायला निघाल्ते, तर यांनी मागून आणलं."

हात झटकत घरी आलो.

भुसकट माझं, हे बराबर. पण ही पानं हिरवी ठेवायची युक्ती त्यानं मला का न्हाई सांगितली?

सांगितली होती. "तू पण टाक झाडाखाली, जाळू नको," म्हणाल्ता. मला वाटलं, फुकटात न्यायचं म्हणून गोड बोलून राह्यला. उरलेलं मी त्याच्या डोळ्यांदेखत पेटवलं.