घर क्रमांक सदतीस

१ ऑक्टोबर १९७०, गुरुवार. मुक्काम तांबडोह.

पोचलो एकदाचा! एस.टी.नं प्रवरेच्या पलीकडच्या काठावर सोडलं. डोक्यावर वळकटी, हातात ट्रंक, आणि फरशीवरून चालत अलीकडे आलो. फरशी म्हणजे पात्रातच बांधलेला बुटका पूल, कठडा वगैरे काही नाही. घोटाभर पाणी वाहत होतं, चपला हातात घ्याव्या लागल्या, पण मजा वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी 'साहेब' म्हटलं ते तिथंच, होडीवाल्या हैदरभाईनं. नगरच्या कचेरीत सहा वर्षं 'अहो कारकून' ऐकून कान किटले होते.

हुद्दा आहे पूरसूचक. या दिवसांत परतीचा पाऊस झोडपतो आणि वरचं धरण काठोकाठ असतं. पाणी सोडलं की कोल्हारच्या पोस्टात तार येते. तिथला माणूस ती सायकलवर मला आणून देतो आणि मी गावाला सावध करायचं. बाकी वेळ आराम.

राहायला शाळा मिळाली आहे. टेकाडावर दोन खोल्या आहेत. एक मला, दुसरी पुराच्या वेळी गावानं येऊन बसायला. पोरांची शाळा देवळात भरते. इतकी चांगली इमारत सोडून देवळात का, ते विचारलं तर कुणी सांगितलं नाही. खेडवळ माणसं, असेल काहीतरी खूळ.

केशर कर्जतला माहेरी आहे. छकुली तीन महिन्यांची झाली आणि मी तिला एकदाच पाहिलंय, तेही झोपलेली. दसरा झाला की अकरा तारखेला रविवारी दोघी येणार. खिडकीपाशी पाळणा टांगायची जागा आजच बघून ठेवली.

२ ऑक्टोबर, शुक्रवार.

कचेरीनं दिलेली गावातल्या घरांची यादी पाहिली. माझ्या आधीचा आसाराम नावाचा इसम चार वर्षांपूर्वी रातोरात नोकरी सोडून गेला, जागा तेव्हापासून रिकामी. पळपुटा असला तरी अक्षर सुंदर.

सावध करायची पद्धत गावचीच आहे. शाळेच्या ओट्यावर उभं राहायचं, पत्र्याचा कर्णा तोंडाला लावायचा आणि एकेका घरधन्याचं नाव पुकारायचं. त्यानं 'व्हय, निघालो' म्हणायचं आणि बायकापोरांना घेऊन शाळेत येऊन बसायचं. उत्तर आलं की यादीत बरोबरची खूण करायची. यादीत छत्तीस घरं आहेत. त्यातल्या सात नावांवर आसारामनं लाल गोल करून पुढे लिहिलंय, 'उत्तर नाही'. सातही खालच्या आळीतले. म्हणजे हाक मारली तरी ढिम्म न हलणारे हे सात टोणगे! यांना सरळ करायला माझ्यासारखाच माणूस हवा होता.

यादीच्या शेवटी माझ्या हातानं भर घातली. घर क्रमांक सदतीस: राधाकृष्ण, पत्नी केशर, तान्ही मुलगी. मुक्काम शाळा. केशर चौथी शिकलीय, बोट ठेवून ठेवून वाचते. आल्या आल्या तिला हे वाचायला देणार. जाम खूश होईल.

४ ऑक्टोबर, रविवार.

आज तालीम घेतली. खऱ्या पुरात गोंधळ नको म्हणून सकाळीच दारोदार सांगून आलो की पाचला नावं पुकारीन, यायची गरज नाही, नुसतं दारातून उत्तर द्या. झालं, गाव फुरंगटलं! गोजरबाई नावाची एक म्हातारी तर अंगावरच आली. नावं काय खेळायला घेत्यात व्हय, म्हणाली. मी तिला सुनावलं की सरकारी काम आहे, मध्ये तोंड घालू नका. पावसाची सर आली म्हणून खालच्या आळीत मात्र सांगायला गेलो नाही.

पाचला भुरभुर पडत होती, नदीकडचं काही दिसत नव्हतं. पुकारायला लागलो. लोकांनी उत्तरं दिली, पण कशी, उपकार केल्यासारखी. मग ते लाल गोलवाले सात घेतले. मुद्दाम छाती फुटेस्तोवर ओरडलो. आणि काय सांगू, सातच्या सात बोलले! खालून, बाभळींच्या पलीकडून, एकापाठोपाठ एक, 'व्हय, निघालो'. इतर सगळ्यांपेक्षा खणखणीत. आसारामला जे जमलं नाही ते मी पहिल्या फटक्यात केलं.

शेवटी गंमत म्हणून सदतिसावं घरही पुकारलं. 'केशर, मुलीला घेऊन ये गं!' वाटलं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. धडाधड दारं लागली. मरा म्हटलं, माझ्या बापाचं काय जातं.

५ ऑक्टोबर, सोमवार.

सकाळी दुसरी खोली उघडली तर जमिनीवर ओल. छप्पर गळत नाही, वर चढून पाहिलं. सात जागी ओल आहे, भिंतीलगत, ओळीनं. माणूस मांडी घालून बसला तर जेवढी जागा लागेल तेवढी एकेक.

दुपारी त्या सातजणांना शाबासकी द्यायला खालच्या आळीत गेलो. तिथं आळीच नाही. नुसती जोती उरलीत, त्यावर बाभळी माजल्यात आणि मध्ये एक फुटका रांजण.

परतताना गोजरबाई वाटेत उभी होती. तिनंच सांगितलं. चार वर्सामागं पानी आलं तवा आसारामानं हाका मारल्या, पर ही सात घरं आदीच गेल्ती. ती त्या दिवशी बाजाराला गेलेली म्हणून वाचली. गहिनीनाथ तिचा नवरा. माझ्या यादीत एकोणतिसावा. 'तवा त्यांनी उत्तर न्हाई दिलं,' ती म्हणाली, 'काल दिलं. आख्ख्या गावानं ऐकलं.' मग माझी बाही धरून तिनं विचारलं की आवाज कसा हुता त्याचा, थकल्यावानी हुता का. मी हात झटकून निघून आलो. मला काय माहीत आवाज कसा होता!

कुणीतरी चेष्टा करतंय. बाहेरचा माणूस बघून टोळकं करून छळतायत, दुसरं काय.

६ ऑक्टोबर, मंगळवार.

ओल वाळत नाही. फडक्यानं पुसली, राख टाकली, तरी तेवढीच. गाळाचा वास माझ्या खोलीपर्यंत येतो.

ओट्यावर ओल्या पावलांचे ठसे आहेत, सगळे आत जाणारे. बाहेर येणारा एकही नाही. त्यातल्या एका डाव्या पावलाला अंगठाच नाही. गोजरबाई आली, ते पाऊल बघून त्याच्याशेजारी खाली बसली. उसाच्या चरकात गेल्ता त्याचा अंगठा, म्हणाली. उंबऱ्यापाशी तासभर बसून ती हळूहळू काहीबाही सांगत होती, शेरडं विकली, धाकटीचं लगीन झालं. आत कुणी नव्हतं.

दुकानदारानं मीठ दिलं नाही. आडावर गेलो तर बायकांनी पोहरे उचलले आणि चालू लागल्या. परतताना पाठीत दगड बसला.

संध्याकाळी हैदरभाईकडे गेलो. तो तरी बोलला, पण घरात घेतलं नाही. म्हणाला, साहेब, जो समोर न्हाई त्याचं नाव ओट्यावरून घेत न्हाईत. घेतलं की त्यो येतो. जिता असो की मेलेला, कुटंबी असो, निघतोच. मग खाली बघत विचारलं, तुमी अजून कुनाला बोलावलं हुतं.

७ ऑक्टोबर, बुधवार.

केशरला तार पाठवली. पोस्टाच्या माणसाच्या हातापाया पडलो. येऊ नकोस, मीच येतो, एवढंच लिहिलं.

दुपारी ओट्यावर उभा राहून सातांची नावं घेतली आणि सांगितलं, पाणी उतरलं, आपापल्या घरी जा. पूर ओसरला की असं सांगायची रीत आहे. आत कुणीतरी खोकलं. बस्स. गोजरबाई खालून ओरडली, घर कुठाय रं त्यांना, तुज्या शाळेबिगर!

खरं आहे. यादीत मीच वाचलं होतं, सर्वांनी शाळेत येऊन बसावे.

दिवसभर विजा. नदीच्या फरशीवर गुडघाभर पाणी.

८ ऑक्टोबर, गुरुवार.

ट्रंक भरली. कर्जतला जाणार, केशरला तिथंच धरून ठेवणार, गेली नोकरी खड्ड्यात.

वेशीवर दहाबाराजण काठ्या घेऊन उभे. मला नीट सांगितलं त्यांनी, शिव्या न देता. तुमी बोलावलंय, तुमी बसायचं. तुमी गेलात तर ती आमच्या घरात येऊन बसतील. मी हात जोडले. बायको आहे माझी, तीन महिन्यांची पोर आहे, म्हणालो. एक जण म्हणाला, आमची बी हुती.

परत फिरलो. दुसऱ्या खोलीचं दार उघडं. आज ते दिसले. भरदिवसा. भिंतीकडे तोंड करून बसलेत, सातजण, अंगाला गाळ. कुणी मागे वळत नाही. मी माझा पलंगपोस दोघांच्या खांद्यांवर टाकून आलो. का टाकला काय माहीत.

९ ऑक्टोबर, शुक्रवार.

सकाळी अकराला पोस्टाचा माणूस आला. दोन कागद वेशीवर टाकून सायकल फिरवली.

एक तार. धरणातून पाणी सोडलं, दुपारपर्यंत पूर.

दुसरं सासऱ्यांचं पत्र, मंगळवारचं. लिहितात, रविवारी पाच वाजता केशर चुलीपुढून उठली आणि दारात जाऊन 'हो, निघाले' म्हणाली. तेव्हापासून ऐकत नाही. तुम्ही बोलावताय म्हणते. दसऱ्यापर्यंत थांब म्हटलं तर जेवण सोडलं. शुक्रवारच्या पहिल्या गाडीनं पाठवतो, उतरवून घ्यायला या.

आज शुक्रवार.

गावाला हाका मारल्या. उत्तर नाही. घरांना कुलपं, गाव पहाटेच वरच्या माळावर गेलंय. मला कुणी सांगितलं नाही. बरंच झालं, त्यांचं ओझं नाही. केशर फक्त.

पळतोय नदीवर

दुपार.

फरशी दिसत नाही. नुसतं तांबडं पाणी. काठावर हैदरभाई होडी ओढून वर घेत होता. माझ्याकडे बघेना.

एस.टी. अकराला आली, म्हणाला. एक बाई उतरली. काखेत लेकरू. मी बोंबललो, थांब बाई, पुढं येऊ नगं, दोन्ही हात हालवले. तिनं ऐकलं. उभी राहिली. मग लांब कुनी हाक मारल्यावानी शाळेकडं बघितलं आनि म्हनली —

मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. मला माहीत आहे ती काय म्हणाली.

होडी घाल म्हटलं. त्याच्या थोबाडीत मारली. तो रडत होता. आता कुनासाठी घालू, म्हणाला.

१० ऑक्टोबर. दसरा.

पाणी टेकाडाला भिडलंय. चहूकडे. मी शाळेत.

दुसऱ्या खोलीत सात. मोजले. पुन्हा मोजले.

आठ.

आठवी पाठमोरी आहे. हिरवं लुगडं. बाळंतपणाला जाताना मी घेतलेलं. मांडी हलवतेय, पोर निजवताना हलवतात तशी.

नऊ.

मी सांगितलं तिला, पाणी उतरलं, घरी जा. कर्जतला जा, केशर. तिनं मान हलवली. तिचं घर हेच. सदतीस नंबर. मीच लिहिलं.

—

टेबलावरची यादी गेली. तिच्या हातात आहे. बोट ठेवून ठेवून वाचतेय, शाई पसरतेय. एकेक नाव पुकारते. हळू, अडखळत. भिंतीपाशी एकेक जण म्हणतो, व्हय, निघालो. आणि उठतो.

गहिनीनाथही उठला. दार उघडलं त्यांनी. पायऱ्यांपर्यंत पाणी आहे.

माझं नाव आलं.

पहिल्यांदा पुकारलं. दुसऱ्यांदा. तोंडात रुमाल कोंबलाय. उत्तर दिलं नाही तर नेत नसतील. आसारामलाही पुकारलं असेल, त्यानं दिलं नसेल. म्हणून वाचला.

छकुली रडतेय. जागी झाली. पहिल्यांदाच ऐकतोय तिचा आवाज. कुडकुडतेय — अंगावर काही नाही तिच्या — केशरचे दोन्ही हात यादीत, तिला धरायला कुणी —

तिसऱ्यांदा. केशर बघतेय माझ्याकडे. रागावली नाही. नुसती वाट —

छकुली, थांब, रडू नको. हो. हो गं, निघा