ठमीचं दूध

रविवार, आठ तारीख, सकाळ

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. नातवंडं झालेल्या बाईला चिरंजीव लिहिताना पेन जरा अडखळतं, पण ते तसंच राहू दे. तुझी कंबर कशी आहे? मेहुण्यांचा चष्मा सापडला, की अजून डोक्यावर ठेवून घरभर शोधताहेत?

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे बोलतात, मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. व्हरांड्यात ऊन आलं की शाळेच्या बाकावर बसल्यासारखं वाटतं आणि मनातल्या मनात कवितेचा तास सुरू होतो.

आई गेल्यापासून तू पत्रात दादाचं नाव काढत नाहीस, म्हणून मीही काढत नाही. आज काढावं लागणार, हकीकतच तशी आहे. वैतागू नकोस, शेवटपर्यंत वाच.

सध्या मी बंब बांधतोय. खेळण्याएवढा, पण खेळणं नव्हे. दादा नोकरीत चालवायचा तसल्याच आगीच्या बंबाची हुबेहूब छोटी प्रतिकृती. सुटे भाग खोक्यात मिळतात, ते घासायचे, चिकटवायचे आणि मग रंगवायचे. शिडी, चाकं, घंटा, सगळं जमलं. रंगापाशी घोडं अडलं.

हा रंग कुंचल्यानं लावत नाहीत, एअरब्रशनं फवारतात. पेनाएवढी पिचकारी असते, मागून छोटा पंप तिला हवा देतो. बाटलीतला रंग तसाच घातला तर आत अडकतो, म्हणून आधी पातळ करायचा. किती पातळ? सोबतच्या कागदावर एकच शब्द होता : दुधासारखा. मी तर खूशच झालो. लाल रंगाला दुधाची उपमा देणारा माणूस नक्की कवितेच्या तासाला पहिल्या बाकावर बसत असणार.

काल सकाळी मी डोळे मिटून आपल्या घरचं दूध आठवलं, सायीचं, पेल्याच्या कडेला रेंगाळणारं, आणि रंग तसा केला. पिचकारी खोकून खोकून थुंकायला लागली. बंबाचं दार संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत झालं. पुसून काढलं, पुन्हा तेच. मग रागाच्या भरात थिनर ओतलं, तर रंगाला पाय फुटले आणि तो कोळ्यासारखा चहूकडे पळाला. वहिनी डोकावून म्हणाली, "भाऊजी, बंबालाच आग लागलीय का?"

हे सगळं व्हरांड्यात, दार लावून. रंग पाण्यात मिसळणारा, फारसा वास नसलेला, तरीही दार लावून. आत दादा असतो आणि त्याला कसलाच वास सोसत नाही. त्याचा पलंग आम्ही मुद्दाम खिडकीशी सरकवलाय, तिथून तो काचेतून माझे उद्योग बघतो. आयुष्यभर लोकांच्या घरातला धूर गिळला, तो आता त्याच्या छातीत घर करून बसलाय. नाकाला नळी, उशाशी हवेचं यंत्र. ते यंत्र आणि माझा पंप एकाच सुरात घुमतात. मी त्यांचं यमक जुळवतो आणि मग जुळवल्याची मलाच लाज वाटते.

बोलायला त्याला श्वास पुरत नाही, म्हणून शब्द अगदी जपून वापरतो. तरी माझी फजिती बघून त्यानं काचेवर टकटक केलं. मी आत जाऊन वाटी त्याच्यापुढे धरली. म्हटलं, दुधासारखा करा म्हणतात, मी अगदी दुधासारखाच केलाय. त्यानं वाटी कलती केली, रंग कडेवर चढवला आणि उतरायची वाट बघितली. रंग उतरेचना, जाड थर तसाच चिकटून राहिला.

"कुणाचं दूध?" दादा म्हणाला. मग श्वास घेतला. "ठमीचं कर."

इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून तुझं नाव, तेही सहज, जणू तू स्वयंपाकघरातच आहेस.

आठवतं ना? तापवलेलं दूध तू गुपचूप पिऊन टाकायचीस आणि पातेल्यात तेवढंच पाणी ओतून साळसूदपणे बसायचीस. आईनं विचारलं की दादा ठासून सांगायचा, दूधवालाच लबाड. त्या बिचाऱ्यानं किती बोलणी खाल्ली. आम्ही दोघं मात्र त्याला ठमीचं दूध म्हणायचो : रूप दुधाचं, वागणूक पाण्याची.

तेवढं पातळ केलं. थेंब थेंब थिनर, वाटी हलवत. रंग कडेवरून घसरला आणि मागे नुसता झिरझिरीत गुलाबी पडदा राहिला. पहिला हात दिला तेव्हा बंब जेमतेम लाजल्यासारखा दिसला. मी लगेच दुसरा द्यायला निघालो, तर दादानं काचेमागून तळहात दाखवला. थांब, वाळू दे. आपले गुरुजी कविता म्हणून घेताना असाच तळहात दाखवायचे, श्वास घ्यायच्या जागी. मग हातावर हात चढत गेले आणि दुपारपर्यंत बंब असा लाल झाला की वहिनीलाही टोमणा सुचला नाही.

जेवण झाल्यावर मी दादाला म्हटलं, ठमीला कळवतो तू आजारी आहेस ते. त्यानं मान हलवली.

"नको. उगाच धावत येईल."

ठमे, आईच्या वेळीही तो हेच म्हणाला होता, याच शब्दांत. तू लांब, बाळंतपणातून नुकती उठलेली. त्याला वाटलं, कशाला तुझा जीव टांगणीला लावायचा. तू पोचलीस तेव्हा आईची खाट रिकामी होती. मग तू त्याला बोललीस ते बोललीस. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. त्याचा तुझ्यावर राग नाही, एवढं मला त्या वाटीपाशी कळलं. तुझा किती उरलाय ते मी विचारत नाही.

डॉक्टर आता 'बरं वाटेल' म्हणत नाहीत, 'त्रास होऊ देणार नाही' म्हणतात. तू समजून घे. त्यानं तुला बोलावलंय असं लिहिणार नाही, कारण बोलावलेलं नाही. पण अजून तो उठून बसतो, माणसं ओळखतो, माझ्या चुका काढतो. हे आहे तोवर ये. काय बोलायचं ते इथे आल्यावर सुचेल. नाहीच सुचलं तर नुसती बस त्याच्याजवळ.

दादाचं न ऐकता, या वेळी वेळेत कळवणारा

तुझा भाऊ