नागपूरचा पाव्हणा

तेर,
६ जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षाराणीस बब्रुवानमामाचे पोटभर आशीर्वाद.

पत्रास कारण की तुझी गाडी ठरली. तीन वर्षं खव्याच्या भट्टीपुढं तोंड भाजून तू दोन लाख साठवलेस, माझ्याकडं आणून ठेवलेस आणि मामा तुम्हीच बघून द्या म्हणालीस. ते काम झालं. गाडी पांढरी आहे. मागची सीट पाडली की खव्याचे बारा डबे आरामात बसतील. सात वाजायच्या आत धाराशिवला पोचशील. एसटीची वाट बघत खवा आंबवायचे दिवस संपले.

गाडीवाला नागपूरला नोकरीला असतो, बदली झाली म्हणून विकतोय. शेजारच्या श्रीनाथनं मोबाईलवर जाहिरात दाखवली आणि फोन मी लावला. मी आधी गाडीचं काही विचारलं नाही, माणूस कुणाचा ते विचारलं. आडनाव ऐकून म्हणालो, परंड्याकडचे का? तो व्हय म्हणाला. मग म्हणालो, म्हणजे आमच्या दाजींच्याच गावचे, कै. बलभीम पाटलांच्या भावकीतले असणार. तर म्हणाला, ते माझे चुलतेच. अगं, तुझ्या माहेरचाच पाव्हणा निघाला! आता त्याला कागद काय मागायचे? दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन चाळीस हजार विसार टाकला.

जावयांना नमस्कार. म्हशीला पेंड कमी करू नकोस.

तुझा मामा,
बब्रुवान

•

वाशी,
९ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांस वर्षाराणीचा नमस्कार. दात-ओठ खात करते आहे, पण करते आहे.

काल दोनदा फोन केला. पहिल्यांदा तुम्ही मला अजून लहान आहेस म्हणालात, दुसऱ्यांदा फोन आपटलात. म्हणून हे पत्र. हे तरी शेवटपर्यंत वाचा.

मामा, गाडी बघितलीत का? हात लावलात का? चालवून कुणी पाहिली? आरसी कुणाच्या नावावर आहे? विमा चालू आहे का, गाडीवर कर्ज आहे का, कधी ठोकली होती का? यातलं एकही तुमच्या पत्रात नाही. पत्रात काय आहे, तर बलभीमकाका! मी लग्न होईपर्यंत त्याच गावात वाढले. बलभीमकाकांना नागपूरला कुणी पुतण्या असल्याचं मी कधी ऐकलं नाही.

आपली शांताक्का घेताना तुम्ही तीन बाजार घालवलेत. जबडा उघडून दात बघितलेत, चिखलातून चालवलीत, दोन वेळा धार काढायला लावलीत, आणि तरी त्या माणसाला म्हणालात, पुढच्या आठवड्यात बघू. म्हशीला एवढं आणि गाडीला एक फोन? की पैसे भाचीचे होते म्हणून?

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. पण राग आलाय तर आलाय, राहू दे.

उन्हाळा तोंडावर आला आहे. मागच्या चैत्रात दोन वेळा खवा आंबला, तेव्हा धाराशिवच्या मिठाईवाल्यानं डबे परत पाठवले आणि पुन्हा असं झालं तर येऊ नका म्हणून सांगितलं. गाडी आली नाही तर माझी भट्टी बंद होईल. कृपा करून आता एक रुपयाही पाठवू नका.

भांडले तरी माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

आपली,
वर्षाराणी

•

तेर,
१३ जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षाराणीस आशीर्वाद. तुझ्या पत्रानं ते देण्याची इच्छा कमी झाली होती, पण सवय जात नाही.

पैसे भाचीचे होते म्हणून, असं तू लिहिलंस. तुझ्या मामीनं ते वाचलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जणू मीच लिहिलं होतं. पन्नास वर्षं मेंढरांचा व्यापार केला. कर्नाटकातून कळप आणले, हैदराबादला पाठवले. एकदाही स्टॅम्पपेपर लागला नाही. माणूस कुठला, कुणाचा, सोयरीक कुठं, एवढं कळलं की व्यवहार होत होता. माझी फसवणूक झालेली तू कधी ऐकलीस? एकोणिसाव्या वर्षी सासरी गेलेल्या पोरीला गावची सगळी भावकी कुठून ठाऊक असणार!

आणि तो माणूस तुझ्यासारखा तोडून बोलत नाही. रोज सकाळी फोन करून तब्येत विचारतो. गाडीवर बँकेचं थोडं कर्ज आहे, हे त्यानं स्वतः होऊन सांगितलं. ते फेडायला आणि गाडी ट्रकवर चढवून पाठवायला उरलेले एक लाख साठ हजार लागतील म्हणाला. मी शुक्रवारी बँकेत जाणार आहे. गाडी दारात उभी राहील तेव्हा तुझं हेच पत्र मी तुला वाचून दाखवणार आहे.

कागद कागद करत होतीस म्हणून गाडीचे फोटो आणि आरसीची झेरॉक्स श्रीनाथच्या हाती पाठवतोय. बघ आणि गप्प बस. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

मामा

•

वाशी,
१५ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांस नमस्कार.

श्रीनाथला चहाही न देता उलट पावली पाठवते आहे. हे पत्र शुक्रवारच्या आत तुमच्या हातात पडायला हवं.

तुमची झेरॉक्स घेऊन मी आमच्या इथल्या गॅरेजवाल्या सुरजकडे गेले. त्यानं मोबाईलवर गाडीचा नंबर टाकला. तो नंबर भलत्याच माणसाच्या नावावर निघाला. पहिलं अक्षरसुद्धा जुळत नाही. आरसीच्या फोटोत चेसिस नंबर असतो तिथंच नेमका कुणाचा तरी अंगठा आलेला आहे. सुरज म्हणाला, ताई, हा अंगठा चुकून आलेला न्हाय.

पण तुम्ही कागद मानत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तुमच्याच रीतीनं विचारायचं ठरवलं. श्रीनाथकडून नंबर घेऊन सुरजच्या फोनवरून त्या माणसाला फोन लावला, बब्रुवानमामांची भाची बोलते म्हणून सांगितलं. तो लगेच ताई ताई करायला लागला. मी विचारलं, बलभीमकाकांच्या शेजारची आपली शांताक्का कशी आहे, तिचा पाय बरा झाला का? तर म्हणाला, आता काठी घेऊन हिंडती, तुमची लई आठवण काढती. गेल्या पोळ्याला तिच्या हातची पुरणपोळी खाऊन आलो.

मामा, शांताक्का माझ्यासमोर दावणीला कडबा खाते आहे.

सुरज हसून हसून जमिनीवर बसला. मला हसू आलं नाही. माझे चाळीस हजार गेले, म्हणजे दोनशेवर पहाटा गेल्या. त्याहून संताप याचा आहे, की रोज सकाळी तुमची तब्येत विचारणारा हा माणूस तुमच्या भोळेपणावर तिकडे मजेत जगतोय आणि तुम्ही माझा फोन उचलत नाही. बँकेत जाऊ नका. गेलात तर मी पुन्हा तेरची पायरी चढणार नाही. हे रागानं नाही, विचार करून लिहिते आहे.

माया आहे, म्हणूनच एवढं टोकाचं लिहिलं.

वर्षाराणी

•

तेर,
२२ जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षाराणीस मामाचे आशीर्वाद. घेशील तर घे.

तुझं पत्र आलं तेव्हा भरलेली स्लिप माझ्या खिशात होती. ती फाडली. एक लाख साठ हजार शाबूत आहेत. बार्शीला एक गाडी आहे, मालक स्वतः गाडीजवळ हजर असतो, असं श्रीनाथ सांगतो. रविवारी तू, सुरज आणि मी जाऊ. सुरज खाली वाकून बघेल, कागद तू बघशील. मी मागं उभा राहीन आणि कुणालाही गाव विचारणार नाही. कमी पडतील ते चाळीस मी घालणार आहे, त्यावर भांडायचं नाही.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते सांगतो. पहिल्याच दिवशी बोलता बोलता मी त्याला म्हणालो होतो, माझी बहीण धुरपदा तुमच्याच गावात दिलेली होती. तो म्हणाला, धुरपदाकाकूंच्या हातची भाकरी लहानपणी लई खाल्लीय म्या. तुझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. मामाला त्रास होईल म्हणून माझ्यापुढं तिचं नाव कुणी काढत नाही, तूही काढत नाहीस. मला राहवलं नाही. मी विचारत गेलो, ती मोठ्यानं हसायची ना, वाढताना तूप लपवून घालायची ना. तो व्हय व्हय म्हणत गेला. अर्धा तास झाला. गाडीचा दर पाडून मागायचंसुद्धा मी विसरलो. आज कळतंय, त्याच्या तोंडात सगळं मीच घातलं होतं. तुझ्या म्हशीची पुरणपोळी खाणाऱ्यानं माझ्या बहिणीची भाकरीही तशीच खाल्ली.

काल श्रीनाथला घेऊन ठाण्यात गेलो. हवालदारानं सगळं नीट लिहून घेतलं, रक्कम, तारीख, त्याचा खातेनंबर, फोननंबर. पैशाचं काही सांगता येत नाही म्हणाला. मी म्हणालो, अजून एक लिहा, हा माणूस माझ्या मेलेल्या बहिणीच्या हातचं खाल्लं असं खोटं बोलला. तो म्हणाला, बाबा, त्याला कलम न्हाय. चाळीस हजाराला कलम आहे आणि ह्याला नाही? माझा आवाज चढला, बाहेरची माणसं आत डोकावली. श्रीनाथ चला चला करत होता, मी बाकावरून उठलो नाही. तासाभरानं हवालदारानं अर्ज माझ्याकडं सरकवला आणि खाली जागा आहे, तुमच्या हातानं काय लिहायचं ते लिहा म्हणाला.

मी लिहिलं, की धुरपदाच्या हातची भाकरी ह्या माणसानं कधीही खाल्लेली नाही. आणि त्याखाली सही केली.

तुझा मामा,
बब्रुवान