बाकाच्या टोकाची जागा

मस्कीगन, ६ नोव्हेंबर १९८८

चि. नॅडीन हिस अ. आ.

त्या सकाळी मी अंगणातल्या दोरीवरून जर्सी काढत होते. ओल्या घातलेल्या, त्या गोठून पत्र्यासारख्या झाल्या होत्या. घडी घालायला गेलं की कडकड वाजायच्या. त्याआधी किटलीतलं गरम पाणी ओतून पंपाचा दांडा सोडवला होता, कोंबड्यांना दाणे टाकले होते, आणि मैदानावर पाणी मारून आलेल्या तुझ्या हार्मकाकाचे बूट चुलीपाशी उलटे ठेवले होते. तेवढ्यात मर्ल स्टॅनेकने कुंपणापाशी ट्रक थांबवला. शेवटच्या वर्गातला पोरगा, आमच्या संघातला सगळ्यात वेगवान. गिरणीतलं वडिलांचं काम सुटलं होतं आणि बिऱ्हाड हलत होतं. सामान पोचवून संध्याकाळच्या सामन्याला परत येतो, उशीर झाला तर हार्मकाकांना माझी जागा ठेवायला सांगा, असं म्हणाला. अकरा नंबरची स्वतःची जर्सी माझ्या हातातून घेऊन फळीसारखी काखेत मारली आणि गेला. सामना आम्ही हरलो. तो आला नाही. हे १९६२ सालचं.

तू क्लबच्या जुन्या आठवणी मागितल्यास आणि मला पहिली हीच आठवली. का, ते माहीत नाही.

सुरुवात कशी झाली ते सांगते. शाळेने बर्फावरच्या हॉकीला साफ नाही म्हटलं. फक्त नाव वापरायची परवानगी दिली, म्हणून तो क्लब. हार्मने आणि आणखी चार बापांनी लाकडाच्या वखारीमागे पाणी मारून बर्फ केला. जर्सी मी शिवल्या, ब्लँकेटच्या उरलेल्या तपकिरी कापडाच्या. पाहुणे संघ आमच्या पोरांना बटाटे म्हणून चिडवायचे. पुढच्या हंगामात पोरंच माझ्याकडे आली आणि छातीवर बटाटा शिवून द्या म्हणाली. आज गावभर पाट्यांवर जो बटाटा दिसतो, तो माझ्या हातचा आहे.

वाळवंटात वाढलेल्या पोरीला बर्फाचा इतिहास लिहायला बसवलंय, हे वाचून मी एकटीच हसले. हार्म असता तर दोघं हसलो असतो. फोन करू नकोस, मला अर्धंच ऐकू येतं. पत्र लिही आणि लोभ इथल्या उन्हाळ्यासारखा तोकडा ठेवू नकोस.

तुझी,
आर्डिसकाकू


हार्लो मिल्स, १५ नोव्हेंबर १९८८

ती. काकूस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी शाळेच्या पायरीवर उभ्याउभ्याच वाचलं आणि अंगावर काटा आला. काकू, मर्लला जिवंत पाहिलेली शेवटची व्यक्ती तू आहेस!

तू गाव सोडल्यापासून इथे यायचं टाळतेस, म्हणून तुला ठाऊक नसेल. संघाच्या बाकावर दाराजवळचं टोक अजून रिकामं असतं. तिथे कोणी बसत नाही, फक्त हॉकीची एक काठी आडवी ठेवतात. बर्फावर उतरताना प्रत्येक मुलगा त्या जागेला हात लावतो. का, असं विचारलं तर एक जण सांगतो की तो ट्रकसकट तळ्याच्या बर्फातून खाली गेला. दुसरा सांगतो, सामन्याला येताना झाडावर आदळला. मी इतिहास शिकवते, ऐकीव गोष्टींवर लिहिणार नाही, म्हणून पुरावे गोळा केले. त्या वर्षानंतर अकरा नंबर कोणालाही दिलेला नाही. आणि ऑर्विल, जे अजून रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, स्केटना धार लावतात, त्यांना मी विचारलं की मर्लचं पुढे काय झालं. त्यांनी चाक थांबवलं, छताकडे बघितलं आणि म्हणाले, मर्ल त्याच दिवशी वर गेला. मला पुढे विचारवेना.

फेब्रुवारीत क्लबला तीस वर्षं होतात. त्या सामन्याला बाकाच्या वर मर्लच्या स्मृतीची पितळी पाटी लावायची ठरली आहे. तू यायचंच. नकार चालणार नाही.

बाबा तुला नमस्कार सांगतात. माझ्यावरची माया गोठू देऊ नकोस.

तुझी,
नॅडीन


मस्कीगन, १९ नोव्हेंबर १९८८

चि. नॅडीन हिस अ. आ.

पत्र वाचून मी इतकी हसले की बहीण स्वयंपाकघरातून धावत आली.

अगं बाई, वर म्हणजे मोठ्या पुलापलीकडे! गावातली आमच्या वयाची माणसं राज्याच्या उत्तरेकडच्या भागाला नुसतं वर म्हणतात. माझा भाऊ दर शरदात वर जायचा आणि हरीण घेऊन परत यायचा. मेलेल्या माणसाला आम्ही मेला म्हणतो. हार्म मेला, असं मी गेली चार वर्षं सरळ सांगते आहे. ते वाक्य हलकं करून काही हलकं होत नाही. आणि ऑर्विल छताकडे बघतो, कारण त्याच्या डोक्यावरचा पत्रा गळतो.

अकरा नंबर कोणाला दिला नाही, कारण ती जर्सी मर्ल घेऊन गेला आणि माझ्याकडचं तपकिरी कापड संपलं. पुढे नवीन जर्सी आल्या, तेव्हा दुकानदाराने जुन्या नंबरांवरूनच नवे बनवले. तुझे पुरावे सगळे खरे आहेत. त्यांच्यातून निघालेला माणूस तेवढा खोटा.

मी आठवीनंतर शाळा पाहिली नाही, पण वाचनालयातली इतिहासाची दोन कपाटं वाचून काढली आहेत. आता वाटतं, त्यातली किती माणसं अशीच नुसती बिऱ्हाड हलवून गेली असतील?

मला मात्र दुसरंच टोचतंय. हार्म जागा ठेवायचा, हे मला माहीत होतं. तो मरेपर्यंत ठेवली. पण मर्लला हे माहीत आहे का? त्याच्या मामाची वर ग्रॅनाइट हार्बरला मासेमारीची बोट होती. आज तिथल्या पोस्टमास्तरला लिहिलंय आणि आतल्या पाकिटावर मर्ल स्टॅनेक, जिवंत असल्यास, असा पत्ता घातलाय.

काळजी करू नकोस. चूक गोड आहे. माझा जीव तुझ्यावर आहे तसाच आहे.

आर्डिसकाकू


ग्रॅनाइट हार्बर, १२ डिसेंबर १९८८

श्रीमती कायपरबाईंस सा. न. वि. वि.

पोस्टमास्तरने पाकीट बोटीवर आणून दिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, मर्ल, तू जिवंत आहेस का, म्हणजे सही घ्यायला बरं. आता अख्खा धक्का मला भूत म्हणतो. बायको म्हणते, भुताला दुसऱ्यांदा वाढत नाहीत.

हार्मकाका गेल्याचं तुमच्या पत्रातूनच कळलं. मी बराच वेळ दोर गुंडाळत बसलो.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. आम्ही पुलापाशी पोचलो तेव्हाच बाबांचा हात छातीवर होता. सामान उतरवताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. त्या रात्री मी सामन्याला येऊ शकत नव्हतो, हे कोणालाही पटलं असतं. पण मी कळवलंच नाही. आधी दुःख होतं म्हणून, मग लाज वाटली म्हणून. तो सामना माझ्यामुळे गेला, हे मी वर्षानुवर्षं धरून बसलो. शब्द देऊन न आलेला पोरगा तुमच्या गावात कोणाला हवा असेल?

जर्सी फार टिकली नाही. मांजरीने तिच्यात पिल्लं घातली. आता जुन्या माणसांना तोंड दाखवायची हिंमत माझ्यात नाही. त्यांना पाटी लावू द्या. मेलेला मर्ल माझ्यापेक्षा बरा खेळाडू दिसतोय.

तुमची तब्येत जपा. माझ्या गप्प राहण्याला परकेपणा समजू नका.

आपला,
मर्ल स्टॅनेक


हार्लो मिल्स, ९ जानेवारी १९८९

ती. काकूस सा. न. वि. वि.

मर्लच्या पत्राबद्दल तू लिहिलेलं मी क्लबच्या बैठकीत सांगितलं. नुसता गोंधळ उडाला. ऑर्विल म्हणाले, मी मेला कधी म्हणालो, वर म्हणालो, ही शहरातली माणसं ऐकतात एक आणि लिहितात दुसरं. अध्यक्ष ग्रोव्हर मात्र अडून बसले आहेत. त्यांचं म्हणणं, पाटी ओतून तयार आहे. एवढी वर्षं मुलं त्या जागेला हात लावतात, त्यांना आता काय सांगायचं, की तो मासे पकडतोय आणि त्याला यायची इच्छा नाही? जिवंत असेल तर येऊन दाखवू दे, नाही आला तर पाटी लागणार. आणि काकू, बरेच जण त्यांच्या बाजूने आहेत. मेलेला मुलगा त्यांना सोडवत नाही.

त्यातून बाबांचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात ठरलं. मला घरी टूसॉनला जावं लागेल. माझ्या जागी सामन्याला तू जा. तू या गावाकडे पाठ फिरवलीस त्याचं कारण मला कळतं, पण दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही. इतिहासाचं शेवटचं पान तुझ्या पत्रावरून लिहीन.

तुझी, आणि तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
नॅडीन


मस्कीगन, १४ जानेवारी १९८९

चि. मर्ल यास अ. आ.

तुझ्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. ते त्या दिवशी ट्रकमध्ये बसलेले मला दिसले होते. हात हलवला होता.

मी समजूत घालणारं लिहीत नाही, मला ते जमत नाही. जे घडलं ते लिहिते. त्या संध्याकाळी पोरांनी विचारलं की टोकाला कोणी बसायचं. हार्म म्हणाला, ती मर्लची, त्याला उशीर होतोय. पुढच्या सामन्याला पुन्हा विचारलं, पुन्हा तेच म्हणाला. पुढच्या हंगामात तुला न पाहिलेली पोरं आली, त्यांनाही तेच. मी घरी त्याला म्हणाले की हा आता हट्ट झाला. तो म्हणाला, पोरगा येत नाही म्हणाला नाही, उशीर होईल म्हणाला. हार्मच्या लेखी तू शब्द मोडलाच नव्हतास. तुला फक्त उशीर झाला होता.

सामना ११ फेब्रुवारीला, शनिवारी, संध्याकाळी. रिंक आता जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या जुन्या गोठ्यात आहे. तू आला नाहीस तर त्या रात्री तू मरशील, पितळेत. तुझ्या बायकोला आशीर्वाद. तिने तुला पोटभर वाढावं.

आर्डिस कायपर


हार्लो मिल्स, १२ फेब्रुवारी १९८९

चि. नॅडीन हिस अ. आ.

तुझ्या बाबांचं ऑपरेशन नीट झालं, हे तुझ्या तारेवरून कळलं. त्यांना सांग, हार्मचा भाऊ आहे, लवकर उठून भांडायला लागेल.

आता शेवटचं पान. मर्लचं उत्तर आलं नव्हतं. मी बसने आले. गावात शिरताना वखार दिसली, तिथे आता मोटारी विकतात. बसमध्ये दुपारीच ऐकलं की वाऱ्यामुळे वरून येणारा मोठा पूल बंद आहे. हे मी ग्रोव्हरच्या कानावर जाऊ दिलं नाही.

ग्रोव्हरला सामना सुरू होण्याआधीच पाटीवरचं कापड काढायचं होतं. मी त्याला सांगितलं की माणसाला पुरायचंच असेल तर शेवटच्या शिटीनंतर पुर, आधी नाही. तो म्हणाला, आर्डिस, तू हार्मसारखीच हट्टी झालीस. मी म्हटलं, इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढली, एवढं तरी उरायला हवं. ऑर्विल मागून म्हणाला की पाटीवर अक्षरं कमी आहेत, उशिरा मेला असं आणखी लिहून घ्या. ग्रोव्हरने माघार घेतली.

आपली पोरं सामन्याच्या तीनपैकी पहिल्या दोन भागांत सपाटून मार खात होती. मी बाकामागच्या फळीवर बसले होते. उतरणारा प्रत्येक पोरगा त्या टोकाला हात लावून जात होता. हार्मने सुरू केलेलं हे काम मी पहिल्यांदाच नीट बघत होते. मला वाटलं, हे तसंच चालू राहिलं तर काय बिघडेल? मग वाटलं, बिघडेल. हार्म मेलेल्यासाठी जागा ठेवत नव्हता. मेल्यावर जागा ठेवून काही होत नाही, हे मला माहीत आहे.

तिसरा भाग सुरू झाला होता. गोठ्याचं मागचं दार उघडलं आणि एक जाडजूड माणूस रबरी बुटांनी, बर्फ झटकत आत आला. त्याच्याआधी धुरावलेल्या माशांचा वास आला. मी त्याला ओळखलं नाही. ऑर्विलने ओळखलं. चाक न थांबवता तो म्हणाला, दोन भाग हुकले तुझे, स्केट आणलेस की तसाच आलास? तो माणूस म्हणाला, सकाळपासून पुलापाशी अडकलो होतो. आणि मग तिथेच उभा राहिला, कुठे जावं ते न कळून.

बाकावरच्या टोकाजवळच्या पोराने मागे वळून पाहिलं. ग्रोव्हरने पोरांना सगळं सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या पोराने आडवी ठेवलेली काठी उचलून मांडीवर घेतली. कोणाला सरकावं लागलं नाही. मर्ल बसला. सामना संपेपर्यंत तो मान वर न करता बर्फाकडे बघत होता, आणि पोरं उतरताना हात लावायला जागा नाही म्हणून त्याच्या खांद्याला लावून जात होती.

आपण हरलो, चार-एकने. ग्रोव्हरने पाटी कापडासकट गाडीत ठेवली. म्हणाला, मागची बाजू कोरी आहे, काहीतरी करू. पुढच्या सामन्याला त्या टोकाचं काय करायचं, यावर क्लबवाले रिंकवरच वाद घालत होते. मर्लला विचारलं तर म्हणाला, ठेवा की, अजून कोणाला तरी उशीर होत असेल. ते मान्य झालं की नाही, हे तू परत आल्यावर कळेल.

पान तुझ्या शब्दांत लिही. मर्लचं आडनाव नीट लिही, एवढंच. वाळवंटातून येताना थोडं ऊन आण. तुझी आठवण काढायला मला कारण लागत नाही, तसंच तुझंही असू दे.

तुझी,
आर्डिसकाकू

ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं म्हणून आजचंही लिहिते. सकाळी मी मर्लला घेऊन हार्मच्या थडग्यावर गेले. पुरल्यापासून मी तिथे गेले नव्हते. बर्फ गुडघ्याच्या वर होता. त्याने फावड्याने वाट केली आणि मी त्याच्या मागून चालत गेले.